गच्चीवरची पेटी

सुधाताई खाली शिडी धरून उभ्या होत्या, त्यामुळे पहिली लाथ आधी त्यांच्या तळहातांना कळली. वर टाकीच्या भिंतीला वायरची क्लिप ठोकत असलेला नव्या नेट कंपनीचा सोमा "ओ, ओ" करत वाकला. दुसऱ्या लाथेसरशी शिडी त्यांच्या हातांतून निसटली आणि सोमा खांद्यावर आदळला. त्याची हातोडी घरंगळत केबलवाल्या धनराजच्या पायाशी येऊन थांबली.

"धनराज, अरे काय चालवलंयस हे?"

"काकू, तुम्ही जरा बाजूला व्हा."

आवाज नेहमीचाच होता. दारात उभं राहून 'नेट बरोबर चालतंय ना' विचारायचा, अगदी तोच. बरोबरच्या दोघांपैकी एकाने गच्चीचं दार लावून घेतलं, दुसरा सोमाच्या पायांवर बसला. धनराजने काळ्या केबलचा हातभर तुकडा दुहेरी केला आणि मारायला सुरुवात केली. पिळलेलं धुणं दगडावर आपटावं तसा आवाज येत होता. सोमाने आधी शिव्या दिल्या, मग हातापाया पडला, मग नुसतं डोकं दोन्ही हातांत झाकून पडून राहिला. त्याच्या अंगावरचा नव्या कंपनीचा निळा शर्ट पाठीवर फाटला आणि आतून लाल दिसू लागला.

सुधाताईंनी मागून धनराजची कॉलर धरली आणि होतं नव्हतं तेवढं बळ लावून ओढली. एक बटण तुटलं, एवढंच. धनराज वळला. त्याने त्यांना दोन्ही कोपरांना हळूच धरून टाकीच्या सावलीत नेलं आणि उपड्या बादलीवर बसवलं.

"बसा. ऊन लय आहे. चक्कर येईल तुम्हाला."

आणि तो परत कामाला लागला. सुधाताई बादलीवरच बसून राहिल्या. मारण्यापेक्षाही त्या हळूच धरण्याने त्यांच्या अंगातलं बळ गेलं होतं.

"कुठल्या हाताने माझी लाइन तोडली रे?" धनराजने विचारलं.

पायांवर बसलेल्याने त्याचा उजवा हात ओढून कठड्यावर पसरवला. धनराजने हातोडी उचलली. सुधाताईंनी डोळे मिटून घेतले, पण कान मिटता येत नाहीत. समोरच्या गॅलरीत मंगलाबाई वाळत घातलेले कपडे काढत होत्या. त्यांनी उरलेल्या दोन साड्या ओल्याच खांद्यावर टाकल्या, आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

या सगळ्याच्या मुळाशी होती ती गच्चीच्या कोपऱ्यातली लोखंडी पेटी. म्हसरूळच्या या कॉलनीत केबल आणि नेट म्हणजे धनराज, हे ठरूनच गेलेलं होतं. कोणाच्या गच्चीवरून वायर न्यायची तर त्या घराला कनेक्शन फुकट, हा रिवाज. सुधाताईंचं घर दोन गल्ल्यांच्या कोपऱ्यावर, म्हणून त्यांच्या गच्चीवर नुसती वायर नव्हती, अख्खी पेटी होती. दोन्ही गल्ल्यांतल्या मालिका, मॅच आणि पोरांचे अभ्यास तिथून निघायचे. पेटी गेली की धनराज गेला, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. सांगता आलं नसतं ते फक्त आल्हादला, कारण तो नेदरलँड्समध्ये राहत होता.

आल्हाद हा त्यांचा एकुलता एक. रविवारी तो व्हिडिओ कॉल करायचा आणि दर रविवारी त्याची आई पडद्यावर तोंड उघडं ठेवून गोठायची. "आई, अर्धा तास तुझे दात बघत बसतो मी," तो वैतागून म्हणायचा. शेवटी त्याने तिकडे बसल्या बसल्या सगळा कारभार उरकला. घरचं नेट नव्या कंपनीचं, टीव्ही नव्या कंपनीचा, आईचा मोबाइल नंबरही त्याच कंपनीकडे, आणि 'गच्चीवरचं जुनं सामान काढून टाकावं' अशी सूचना वर. आईने फक्त दार उघडायचं होतं. "धनराजला आधी सांगूया का रे?" असं त्यांनी विचारलं होतं. "त्याला कशाला? आपलं घर आहे," आल्हाद म्हणाला होता, आणि त्याचं काही चुकलं असं त्या क्षणी त्यांनाही वाटलं नव्हतं.

वर येण्याआधी धनराजने खांबावरून घरात येणारी मुख्य वायर कापली होती. दारावरचा आल्हादने बसवलेला कॅमेरा त्याबरोबर आंधळा झाला होता. सुधाताईंचा मोबाइलही सकाळपासून मुका होता. जुनं सिम बंद पडलं होतं आणि नवं अजून सुरू झालं नव्हतं. घरात तीन-तीन यंत्रं असून त्यांना कोणालाही हाक मारता येत नव्हती.

नव्या कंपनीचं खोकं धनराजने गच्चीवरून खाली फेकलं. मग दोघांनी सोमाला बगलेत धरून उभं केलं. त्याचा उजवा हात त्याच्याच गमछ्यात गुंडाळला होता आणि गमछा भिजत चालला होता.

"सरकारी दवाखान्यात न्या. शिडीवरून पडला म्हणा," धनराजने सांगितलं. मग सुधाताईंकडे वळून म्हणाला, "पडलाच की काकू. तुम्ही होतात ना इथे."

रिक्षा गेल्यावर त्याने टाकीच्या नळाखाली बादली भरली. सुधाताई बसल्या होत्या तीच बादली, त्यांना हात देऊन उठवल्यावर. कठडा आणि फरशी त्याने खराट्याने स्वच्छ घासली. एखाद्या लग्नघरातल्या माणसासारखं मन लावून घासली.

खाली आल्यावर तो दिवाणखान्यात नेहमीच्या खुर्चीवर बसला. "चहा टाकता का थोडा?" म्हणाला.

सुधाताईंनी चहा टाकला. टाकताना त्यांना स्वतःचीच चीड आली, पण हात आपले आपण आलं किसत होते. याच माणसाने उपेंद्रांना, त्यांच्या नवऱ्याला, छातीत कळ आली तेव्हा पाठुंगळी मारून जिना उतरवला होता. दवाखान्याच्या व्हरांड्यात तो त्यांच्याशेजारी बसून राहिला होता, आणि पुढे स्मशानातही आल्हादचं विमान उतरेपर्यंत सगळं त्यानेच बघितलं होतं. त्यांचा जीव होता धनराजवर. आतासुद्धा होता, आणि तेच त्यांना सोसत नव्हतं.

धनराज बशीत चहा ओतत होता तेव्हा त्याचा फोन वाजला. त्याने स्क्रीन बघितली आणि फोन त्यांच्यापुढे धरला.

"आल्हाददादा आहे. मघाशी पण आला होता. घ्या, बोला."

आल्हादचा चेहरा दिसला. केस विस्कटलेले, मागे त्याच्या स्वयंपाकघराची खिडकी.

"आई! ठीक आहेस ना तू? तुझा फोन लागत नाही, नेट बंद, कॅमेरा बंद. वेड लागायची पाळी आली होती. नशीब धनराजचा नंबर होता."

"तूच सगळं एकदम बंद केलंस ना रे."

"अगं, थोडा वेळच बंद राहणार होतं. बरं, ते जाऊ दे. धनराज म्हणाला कंपनीचा माणूस शिडीवरून पडला. फार लागलं का त्याला?"

सुधाताईंनी फोनवरून नजर उचलली. धनराज बशीला ओठ लावून त्यांच्याकडे बघत होता. त्याच्या उजव्या हाताची सालटी निघाली होती. त्याने डोळ्यांनी काही दटावलं नाही. त्याला तशी गरजच वाटत नसावी.

"पडला नाही," त्या म्हणाल्या. "याने पाडला. केबलने मारला आणि हातोडीने त्याची बोटं ठेचली. माझ्या देखत."

बशी टेबलावर टेकली. आल्हाद हलेना. तोंड अर्धवट उघडं, डोळे एका जागी. नेट अडकलं असेल असं त्यांना वाटलं. मग त्यांचं लक्ष त्याच्या मागच्या खिडकीकडे गेलं. पडदा वाऱ्याने हलत होता.

"आल्हाद?"

"आई, फोन धनराजकडे दे."

त्यांना एकदम आधार वाटला. लहानपणी शाळेतल्या दांडगटाला बोलायला हा असाच पुढे व्हायचा, आणि मार खाऊन यायचा. त्यांनी फोन दिला. धनराज उठून गॅलरीत गेला. त्याच्या पाठीकडे बघत त्या उभ्याच राहिल्या. तो वाद घालेल, आवाज चढवेल, असं वाटत होतं.

"हो दादा," धनराज म्हणत होता. "नाही नाही. काकूंना कोण हात लावेल... आईसारख्या आहेत... हो, तेवढं तुम्ही केलं की विषय संपला... तुम्ही बिनघोर राहा."

तो परत आला आणि फोन त्यांच्या हातात ठेवला. आल्हाद आता कॅमेऱ्याच्या फार जवळ आला होता, नुसतं कपाळ आणि डोळे दिसत होते.

"आई, नीट ऐक. मी नवीन सगळं कॅन्सल करतोय. धनराज आजच जुनी लाइन जोडून देईल. तू काही बघितलं नाहीस."

"मी तिथे होते रे."

"तू तिथे एकटी असतेस, आई. मी इथे आहे. तुला उद्या काही झालं तर मला यायला दिवस लागतो. त्या माणसाच्या औषधपाण्याचं मी बघेन, धनराजशी बोलतो मी. पण तू यात पडू नकोस. प्लीज."

तो रडण्याच्या बेतात होता. त्यांना त्याची कीव आली, आणि लाजही वाटली. दोन्ही एकाच वेळी.

"बरं," त्या म्हणाल्या. "तू जेवलास का?"

फोन परत घेताना धनराज मान डोलावून म्हणाला, "दादा समजूतदार आहे." मग तो खांबाकडे गेला. काही वेळाने टीव्हीखालच्या डब्याचा दिवा हिरवा झाला, आणि दारावरचा कॅमेरा टक करून जागा झाला.

सुधाताईंनी कपबश्या विसळून पालथ्या घातल्या. साडी बदलली, पर्स घेतली आणि दाराला कुलूप लावलं. खांबावरून धनराजने विचारलं, "कुठे काकू? पोरगा सोडेल ना गाडीवर."

"नको. रिक्षा मिळते."

सोमा दवाखान्यात एका भिंतीकडच्या खाटेवर होता. हाताचं बँडेज केवढंतरी जाड, गाल सुजून डोळा बंद झालेला. जवळ एक हवालदार खुर्ची ओढून बसला होता, मांडीवर कागदांचं पॅड. सुधाताईंना बघून सोमा धडपडत उठू लागला.

"आजी, तुम्ही कशाला आलात?" मग आवाज दाबून म्हणाला, "काय बोलू नका. मी पडलो सांगितलंय. मला परत ह्याच गल्ल्यांत चढायचं हाय. गावाकडं, सुरगाण्याला, काय काम नाय."

"तुला पडलास म्हणायचं तर म्हण," त्या म्हणाल्या. "मी तुला खोटा पाडणार नाही. पण मला जे दिसलं ते मी सांगणार."

"तुम्हाला नाय कळत आजी."

"असेल."

त्या हवालदाराकडे वळल्या. "हा पडला नाही. म्हसरूळच्या धनराज केबलवाल्याने मारलं. माझ्या गच्चीवर. बोटांवर हातोडी घातली, ती मी बघितली." बोलता बोलता त्यांना आठवलं की त्या वेळी डोळे मिटले होते. "आवाज ऐकला," त्यांनी दुरुस्त केलं. "उचलताना बघितली आणि आवाज ऐकला."

हवालदाराने पेनाचं टोपण लावलं. नाव त्याला ओळखीचं असावं. माणूस वयस्कर होता, आवाजात अरेरावी नव्हती.

"काकू, घरी कोण कोण असतं?"

"मीच."

"मुलंबाळं?"

"एक मुलगा. परदेशात असतो."

"मग त्याला आधी विचारा. जबाब दिला की मागे घेता येत नाही सहज. हे लोक आज ना उद्या बाहेर येतात, आणि तुम्ही राहणार तिथेच. रोज त्याच गल्लीतून भाजी आणायची तुम्हाला."

"विचारलं मुलाला."

"काय म्हणाला?"

सोमाने तोंड भिंतीकडे फिरवलं. शेजारच्या खाटेवरची बाई कान देऊन ऐकत होती. सुधाताईंनी एक स्टूल ओढलं, पर्स मांडीवर घेतली आणि नीट बसल्या.

"त्याचं नका लिहू," त्या म्हणाल्या. "माझं लिहा."