घर पाहायला आलेला पाहुणा

“कुंदन, ठेव ते काम तसंच! सोयरे आले!”

पार्बताबाईंनी ही हाक दिली तेव्हा देवानंदचा एक पाय अजून चपलेतच होता. हाक इतकी खणखणीत, की समोरच्या घरातली बाई हातातलं सूप तसंच घेऊन दारात आली. सोयरा म्हणून तो आलाच नव्हता. तो नाही म्हणायला आला होता.

चूक त्याचीच होती. वऱ्हाडात नकार कधी चालत येत नाही. तो फोनवर येतो, तोही मध्यस्थाच्या तोंडून, तोही आठवडाभर ‘विचारून सांगतो’ म्हणून झाल्यावर. मुलीकडचा माणूस मुलाच्या दारात उभा राहिला की त्याचा अर्थ एकच, मुलगा पसंत पडला आणि आता घर पाहायला आलेत. शेंबड्या पोरालाही कळणारी ही गोष्ट. पण अमरावतीकडून दर्यापूरमार्गे अकोटपर्यंत एस.टी.त धक्के खाताना या शहाण्याच्या ती डोक्यातच आली नाही. काय बोलायचं, कसं बोलायचं, एवढंच तो जुळवत बसला होता.

“मावशी, मी जरा...”

“बोलनं होत राहीन भाऊ. पह्यले पाय धुवा.”

देवानंदचं वय चौतीस. वलगावच्या अलीकडे त्यांचा मळा होता. बारा महिने शेवंती, झेंडू, मधल्या वाफ्यांत मेथी-कोथिंबीर. आसपासच्या गावांतल्या लग्नांचे हार त्याच्याच घरून जायचे. लोकांच्या गळ्यात हार घालता घालता देवानंदचा गळा मोकळाच राहिला, असं गावात चेष्टेनं म्हणत. तोही हसायचा. न हसून सांगतो कुणाला? पाच-सहा ठिकाणी त्याचं जुळता जुळता राहिलं होतं. दर वेळी फोन आला, पत्रिका जमत नाही. एका ठिकाणी तर त्यांनी पत्रिका मागितलीही नव्हती. त्या दिवशी त्यानं फोन खाटेवर टाकला आणि सरळ पाण्याची पाळी द्यायला मळ्यात गेला.

म्हणूनच बहिणीच्या, वर्षालीच्या वेळी त्यानं ठरवलं होतं, की ‘नाही’ असेल तर तोंडावर जाऊन सांगायचं.

कुंदन गेल्या रविवारी आईला घेऊन वर्षालीला पाहून गेला होता. अकोटला मोटार रिवाइंडिंगचं दुकान, हाताला काम भरपूर, बोलणं कमी. पोहे खाल्ले आणि वर्षालीला एवढंच म्हणाला, “तुमाले काई इचारायचं असंन तं इचारा.” असं विचारणारा हा पहिलाच. देवानंदला माणूस मनापासून आवडला. वडिलांना, केशवरावांनाही. मग दोनच दिवसांत दुसरं स्थळ आलं. मुलगा चाकणच्या कारखान्यात, राहायला भोसरीत, एका खोलीत. स्वतःचं दुकान नाही, घर नाही. पण पुणे.

वर्षाली नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात शिलाईच्या मशीनवर बसत होती. रात्री भाकरी वाढता वाढता तिनं निकाल दिला.

“अकोटवाला मानूस चांगला हाय, दादा. मी नाही कुठं मनतो? पन माह्यासंगतची पोरगी पुन्याले गेली, तेच मशीन, तेच काम, अन् पगार दुप्पट. मी अकोटले जाऊन काय करू? मशीन कुठं हाय तिथं?”

“मानसाचं काईच नाही का?”

“तुह्यात काय खोट हाय मंग?” ती म्हणाली. “तू बी चांगलाच हायेस. देली का कोनं तुले पोरगी?”

देवानंदनं भाकरीचा तुकडा वरणात बुडवला आणि तसाच ठेवला. बहीण दुष्ट नव्हती. खरं बोलली होती, आणि नंतर चुलीकडे तोंड करून रडलीही. तिचं चुकतंय असं त्याला म्हणता येईना. बरोबर आहे असं म्हणायला जीभ वळेना.

आता पार्बताबाई त्याला घर दाखवत होत्या. नवं कोरं, आतून गुलाबी रंगाचं घर. प्रत्येक दारापाशी थांबून त्या त्या दाराची कथा सांगत होत्या.

“पह्यले पोरीवाले आले, मने घर मातीचं हाय. बांधलं. दुसरे आले, मने संडास घरात पाह्यजे. केला. तिसऱ्यायनं मनलं, पोरगी खाली बसून सैपाक करनार नाही. मंग हा ओटा केला. पाहा, दगड कसा चमकते.” त्यांनी पदराच्या टोकानं ओटा उगीच पुसला. “मंग चवथे आले. सारं पाह्यलं, चहा पेले, अन् मनतात, पोरगा पुन्याले कावून नाही? आता पुनं कुठून आनू बापा मी घरात?”

आणि त्या खळखळून हसल्या. “आज हसाले येते मले. तवा नोतं येत.”

ओट्यावर नवी गॅसची शेगडी होती. वरून प्लॅस्टिक घालून चारी बाजूंनी सुतळीनं बांधलेली.

“सून आली का तिच्याच हातानं पेटवीन मनून ठेवली. माहं मांगच्या चुलीवर भागते.” बोलता बोलता त्यांनी सुतळीची गाठ सोडली. “पन आज तिचा भाऊ आला. आता कायले थांबाचं?”

“मावशी, नका... चहा पुरे मले.”

“चहावर सोयरा जाते का कुठं?”

काडी ओढली गेली. निळा जाळ भपकन उठला आणि पार्बताबाई लहान पोरीसारख्या मागे सरकल्या. मग रवा भाजल्याचा वास घरभर झाला. खुर्चीवर बसून देवानंद तो वास घेत होता आणि आपल्याला जमीन पोटात घेईल तर बरं, असं त्याला वाटत होतं. आता सांगतो, शिरा व्हायच्या आत सांगतो, असं करता करता वाटी हातात आली. नाही म्हणायला आलेल्या माणसानं त्या घरात तोंड गोड केलं. शिरा चांगला झाला होता, हे आणखी वाईट.

कुंदन दुकानातून येऊन दाराशी उभा होता. हात तेलकट, चेहरा शांत. पार्बताबाई आतून वर्षालीसाठी एक साडी घेऊन आल्या. मोरपंखी, घडीवर जुनी रेघ पडलेली.

“आई,” कुंदन हळूच म्हणाला, “साडी आज नको. राहू दे.”

“कावून?”

“राहू दे मनलं नं. याहीले दुकान दाखवतो मी.”

दुकान घरालाच लागून होतं. उघडलेल्या मोटारी, तांब्याच्या तारेची रिळं, वार्निशचा वास. कुंदननं स्टूल पुढे केलं, स्वतः उभाच राहिला.

“नाही सांगाले आले नं तुमी?”

देवानंदनं मान खाली घातली. “तुमाले कसं कयलं?”

“होकार द्याले कोनी एकटं येत नाही. चार जन येतात, गाडी करून, मामा-काका घेऊन. तुमी एस.टी.नं आले.” तो तारेचं एक टोक बोटाला गुंडाळत होता. “पुन्याचं स्थळ आलं असंन.”

“हो.”

“मंग फोन कावून नाही केला?”

“मले फोन येतात, मनून.”

कुंदननं पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं. बाहेरून कुणीतरी मोटार झाली का म्हणून विचारून गेलं.

“माही बहीन आचल,” कुंदन म्हणाला, “पुन्यातच देली आमी. तिच्यासाठी हिवरखेडचा एक पोरगा आला होता. संत्र्याचा बगीचा होता त्याचा. लय सादा. त्याले फोन मीच केला. पत्रिका जमत नाही मनलं.”

“नोती जमत?”

“पाह्यलीच कोनं?”

देवानंदला हसू आलं, आणि लगेच डोळ्यांत पाणी. त्यानं ते लपवलं नाही. कुंदननं टेबलावरचा पाण्याचा जग त्याच्याकडे सरकवला.

“आईले मी सांगतो,” तो म्हणाला. “दोन-चार दिवसांनी. मले सवय हाय. तुमी पाचची गाडी धरा.”

बाहेर पडायचं तर दुकानाला स्वतंत्र दार होतं. तिथून सरळ एस.टी. स्टँड. कुणी नावं ठेवली नसती. देवानंद त्या दारापर्यंत गेलाही. मग त्याला खाटेवर टाकलेला फोन आठवला.

“नाही,” तो म्हणाला. “मीच सांगतो. त्याच्यासाठीच आलो होतो.”

पार्बताबाई ओट्यापाशी कढई खरवडत होत्या. त्याला पाहून त्यांनी पदर सावरला.

“मावशी, घर लय चांगलं हाय. पोरगाही चांगला हाय. पन वर्षालीले पुन्याले जाचं हाय.”

उलथनं कढईत थांबलं. पार्बताबाईंनी त्याच्या मागे उभ्या असलेल्या कुंदनकडे पाहिलं, आणि लेकानं नजर वळवली त्यातच त्यांना सगळं कळलं. त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर देवानंदला हलकं वाटलं असतं.

“मंग शिरा कायले खाल्ला?” एवढंच त्या म्हणाल्या.

“तुमी आनंदात होत्या. तोंडून निघालंच नाही.”

त्यांनी नळ सोडला, कढई विसळली. पाण्याकडेच बघत त्यांनी विचारलं, “तुमचं झालं का लगन?”

“नाही.”

“कावून?”

“मी बी पुन्याले नाही नं, मावशी.”

नळ तसाच वाहत राहिला. पार्बताबाईंनी वळून त्याच्याकडे पाहिलं, केसांत कानापाशी आलेल्या पांढऱ्या बटेसकट पाहिलं. मग नळ बंद केला. ओलं फडकं पिळून त्या शेगडी पुसायला लागल्या. बर्नरभोवती रव्याचे दोन कण चिकटले होते, ते नखानं काढले. कोरड्या फडक्यानं पुन्हा पुसलं. कोपऱ्यात घडी करून ठेवलेलं प्लॅस्टिक उचललं आणि झटकलं.

“ते टोक धर, बाबू,” त्या म्हणाल्या. आतापर्यंत त्या त्याला अहो-जाहो करत होत्या.

देवानंदनं पलीकडचं टोक धरलं. दोघांनी मिळून प्लॅस्टिक शेगडीवर पसरलं. पार्बताबाईंनी सुतळी जुन्याच वळाशी धरून गाठ मारली, मग दोन पावलं मागं सरून पाहिलं.

“तिकून जरा ओढ,” त्या म्हणाल्या. “सुरकुती राह्यली. पुढच्या पोरीवाल्यायले नवी दिसली पाह्यजे.”

देवानंदनं ओढलं.