बिनशंखाची

भिवा गुरुजींनी निवृत्तीनंतर कुंभार पिंपळगावच्या घरामागं पालकाचे दोन वाफे केले होते. भादव्यात रोज सकाळी पानांना भोकं दिसू लागली. संशय सरळ शेजारच्या मालनबाईंच्या कोंबड्यांवर गेला. दिवसभर त्या कुंपणाखालून येऊन वाफा उकरायच्या.

“मालनबाई, तुमच्या कोंबड्या माझा पालक खाऊन राह्यल्या. त्यांना बांधा.”

दुसऱ्या दिवशी मालनबाई पाचही कोंबड्या घनसावंगीला बहिणीकडं पोचवून आल्या आणि गुरुजींशी बोलणंच सोडलं.

भोकं मात्र वाढली. आठवड्यात नुसत्या शिरा उरल्या, शिरांवर वाळलेल्या शेंबडासारखे चकचकीत पट्टे. गुरुजी चक्रावून गेले.

एका ढगाळ सकाळी त्यांनी वाफ्याशेजारचं ओलं बारदान उचललं. खाली बोटाएवढे मातकट, बुळबुळीत जीव चिकटून बसले होते. गोगलगायीच, पण पाठीवर शंख नाही. शंख गळून पडले असतील म्हणून गुरुजींनी अर्धा तास माती चाळली. एकही सापडला नाही.

मीठ टाकून मारायला हात धजेना. रोज पंचशील म्हणणारा माणूस तो. बाकीच्या त्यांनी टोपल्यात भरून ओढ्याकाठी सोडल्या; एक तेवढी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवली. ओली माती घातली, पालकाचं पान दिलं, झाकणाला भोकं पाडली. मग खुर्ची ओढून बघत बसले. डोक्यावर चार शिंगं, लांब दोन्हींच्या टोकाला डोळे. उजव्या कुशीला एक भोक उघडायचं, मिटायचं. श्वास तिथून चालला होता.

बाराव्या दिवशी मातीत भिजल्या साबुदाण्यासारखी अंडी दिसली. एकटीच्या बरणीत! तीस वर्षं वर्गात नर-मादी शिकवलेल्या गुरुजींनी नव्या जालन्यात बियाणं कंपनीत काम करणाऱ्या लेकीला फोन लावला.

“प्रीती, ही मादी असंल, तर नर कुठंय?”

“बाबा, त्यांच्यात एकाच अंगात दोन्ही असतं. तरी बहुतेक वेळा जोडी लागते.”

“ही तर एकटी होती.”

“आधीच जोडी झाली असंल. न्हाईतर काही जाती एकट्यानंच अंडी घालतात.”

“मंग हिचं काय झालं?”

“जात ओळखल्याबिगर मलाही सांगता येणार न्हाई.”

फोन ठेवल्यावर ते जास्तच गोंधळले. पण कोंबड्यांवर आळ घेतला होता, एवढं नक्की. बरणी घेऊन ते कुंपणापाशी गेले.

“मालनबाई, चुकलं माझं. पालक ह्यांनी खाल्ला.”

मालनबाईंनी बरणी उन्हाकडं धरली. “हे? अहो गुरुजी, माझ्या कोंबड्या तुमच्या वाफ्यात हेच तर टिपायच्या.”

गुरुजींनी बरणी परत हातात घेतली.

“दोघी परत आणू का?”

आणा म्हणावं तर आपणच जीव मारायला लावल्यासारखं होतं, नको म्हणावं तर पालक गेला. आणि एवढं झाल्यावर ही बाई पुन्हा बोलायला लागली होती, तिला नाही कसं म्हणायचं?

“आणा,” ते म्हणाले. मग लगेच, “पण थांबा थोडं.”

“किती थांबू?”

गुरुजींनी बरणीकडं पाहिलं. “ते अजून ठरलं न्हाई.”

मालनबाई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. तिसऱ्या दिवशी, गुरुजींचं ठरायच्या आतच, दोन कोंबड्या वाफ्यात उकरत होत्या. बरणी मात्र गुरुजींनी उंच फळीवर ठेवली होती.