लाल टोपणाचा रंग

मित्रांनो, मी एक जुना कलर कोड आहे. म्हणजे सहा अंक-अक्षरांची एक ओळ. ती वाचली की मोबाइलच्या पडद्याला कळतं, इथे लाल भरायचा. स्वभावानं मी पहिल्यापासून घाबरट, आणि पुढे जे घडलं त्यानं तर पारच.

माझा जन्म स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला. आमच्या प्रोग्रामर ताईच्या आईला मधुमेह. तिची इंजेक्शनची पेनं दोन. लाल टोपणाचं जेवणाआधी, नारिंगी टोपणाचं झोपताना. नजर अधू झाल्यामुळे अक्षरं लागत नाहीत, रंग तेवढे कळतात. म्हणून ताईनं लाल टोपणाच्या फोटोवरून मला उचललं आणि औषधाची आठवण करणाऱ्या ॲपमध्ये मोठा गोल काढला.

"आई, गोल ज्या रंगाचा, त्या टोपणाचं पेन घ्यायचं."

"हे बरं केलंस गं. आता कोणाला विचारायला नको," आई म्हणाली. माझा ऊर भरून आला.

ॲप वाढलं. कुठे लाल लागला की ताई मलाच चिकटवायची. डोस चुकला, लाल. नेट गेलं, लाल. बघता बघता मी एकोणचाळीस ठिकाणी जाऊन बसलो. रंगात जरा फरक करायचा म्हटला की ताई डोकं धरून बसायची.

तिच्या ऑफिसातला चष्मेवाला दादा म्हणाला, "अगं, आकडे कसले लिहीत बसतेस? डिझाइन टोकन कर. रंगाला कामाचं नाव दे, 'धोका'. सगळीकडे ते नाव लिही आणि रंग एकाच ओळीत ठेव. ती ओळ बदलली की झालं."

म्हणणं खरंच होतं. ताईनं एका झटक्यात एकोणचाळीस जागी 'धोका' लिहिलं आणि मला त्या एका ओळीत ठेवलं. माझ्या मनात पाल चुकचुकली. अहो, अडतीस ठिकाणी मी धोका होतो, पण त्या गोलात मी टोपण होतो! सांगणार कसं? कोडला कुठलं तोंड?

आठवड्यानं दादा म्हणाला, "लाल बघून लोक दचकतात. धोका नारिंगी करूया." ताईनं माझ्यापुढे दोन तिरप्या रेघा मारल्या. अशी ओळ पुसली जात नाही, पण मोबाइल ती वाचत नाही. खाली नारिंगी येऊन बसला.

दुपारी ताईनं ॲपची नवी आवृत्ती आईच्या मोबाइलवर चढवली. लॅपटॉप टेबलावर उघडाच होता. जेवण वाढलेलं. आईनं मोबाइल डोळ्यांजवळ नेला, गोल नारिंगी बघितला आणि नारिंगी टोपण काढलं. माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. ताई, अगं मान वर कर! ती पाठमोरी पाणी भरत होती.

"आज जेवणाआधीच नारिंगी का गं?" आई सहज म्हणाली. "असू दे. तू बदललंयस म्हणजे बरोबरच असणार."

ग्लास खाली पडला. "आई, थांब! टोचू नकोस!"

आई बावरली. "चुकलं का माझं?"

"तुझं नाही, माझं," ताई म्हणाली.

तिनं तिथेच बसून त्या गोलाला वेगळं नाव दिलं, 'जेवणाआधीच्या पेनाचं टोपण'. माझ्यापुढच्या रेघा पुसून मला त्या नावामागे बसवलं. आता माझी जागा ती एकच.

मित्रांनो, नावं जरूर द्या, त्यानं कामं सोपी होतात. पण देण्याआधी प्रत्येक जागी जाऊन विचारा, बाबा, तू इथे काय करतोस? ती फाइल कोणी उघडली की अजून माझा जीव टांगणीला लागतो. कारण आई आजही काही विचारत नाही. गोल बघते आणि टोपण काढते.