कानसेनाची डावी बाजू

या, असे जवळ सरकून बसा. मागे बसलात तरी ऐकू येईल म्हणा, पण ही गोष्टच कानाची आहे, तेव्हा जवळ असलेले बरे. एका माणसाची गोष्ट सांगतो. त्याने आयुष्यभर फक्त ऐकले, आणि जे ऐकले तेच लिहिले.

आम्ही दोघे एकाच सार्वजनिक वाचनालयात नोकरीला. मी तळमजल्यावर पुस्तके बांधायचो. खळ, दोरा आणि पुठ्ठा यांत जन्म गेला. तो शेजारच्या खोलीत, रेकॉर्ड विभागात कारकून. लोक रेकॉर्ड घरी न्यायचे, आठ दिवसांनी परत आणायचे. वाचनालयात शांतता पाळायची, म्हणून त्याच्या टेबलावरच्या रेकॉर्ड प्लेअरला स्पीकर नव्हता, फक्त हेडफोन होता. आलेली प्रत्येक रेकॉर्ड तो आधी स्वतः ऐकायचा आणि आपले मत एका चिठ्ठीवर लिहून कव्हरच्या आत सरकवायचा. हे काम त्याला कोणी सांगितले नव्हते. सांगून असली कामे होतही नाहीत. सगळे त्याला कानसेन म्हणत.

त्याच्या चिठ्ठ्यांसाठी लोक रेकॉर्ड न्यायचे. मोठ्या वाद्यवृंदाच्या रेकॉर्डवर त्याने लिहिले होते, ‘सुरुवातीला ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवू नका. पस्तावाल.’ अंगाईगीतांवर, ‘दुसरी बाजू ऐकायची राहिली. यातच सगळं आलं.’ केस वाढवलेल्या पोरांच्या एका कर्कश बँडवर, ‘पहिल्या गाण्यात वाटलं, भांडण लागलंय. तिसऱ्यात कळलं, पोरं रडतायत. जरूर न्या.’ आणि जॅझच्या एका रेकॉर्डवर, ‘तिघे एकाच वेळी बोलतात, पण कुणी कुणाला तोडत नाही. आमच्या बैठकीत हे कधी व्हायचं?’ ही शेवटची चिठ्ठी मुख्य ग्रंथपालांनी वाचली आणि दोन दिवस त्याच्याकडे पाहिले नाही.

मला गाऊन सांगितलेल्या प्रवचनांचा भारी नाद. सांगता सांगता एखादे पद, मध्येच ऐकणाऱ्याला एक चिमटा, आणि मागे झील ओढणारे दोघे-तिघे. देव भेटायचा तर असाच भेटेल असे मला अजून वाटते. फार मागे लागून मी तसल्या प्रवचनाची रेकॉर्ड मागवून घेतली. कानसेनाने चिठ्ठी लिहिली, ‘सांगणारा गोड. पण रिकाम्या खोलीत बोलतोय.’ मी आठ दिवस अबोला धरला. नवव्या दिवशी न राहवून विचारले, कानांत बोळे घालून ऐकलेस का रे? तो म्हणाला, “एकाच.” मी हसलो. विनोद वाटला मला तो.

असा तो चेष्टेखोर. रस्त्याने चालताना मात्र मी त्याच्या उजव्या हातालाच हवा असे. डावीकडे गेलो तर वळसा घालून जागा बदलायचा. असते एकेकाची खोड, म्हणून मी सोडून दिले होते.

एका दुपारी एक बाई आल्या. सत्तरीच्या असतील. हातात आमचीच रेकॉर्ड, एका गवयाची. मी बांधलेल्या पुस्तकांचा गठ्ठा घेऊन तिथेच उभा होतो. बाईंनी आतली चिठ्ठी काढून त्याच्यापुढे ठेवली. ‘गाणारा उत्तम. व्हायोलिनवाला बहुधा आलाच नाही.’

“तो व्हायोलिनवाला म्हणजे मी,” बाई म्हणाल्या.

मग त्यांनी सगळे सांगितले. उभ्या आयुष्यात त्यांचे वाजवणे एवढ्या एकाच रेकॉर्डवर उतरले. कव्हरवर गवयाचा फोटो, मागे नुसते ‘व्हायोलिनची साथ’, नाव नाही. नातीला ऐकवावे म्हणून त्यांनी परवा ती घरी नेली, तर सुनेच्या हाती आधी चिठ्ठी लागली. तिने ती जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचली आणि सगळे पोट धरून हसले. घरचा प्लेअर नेमका बिघडलेला निघाला, त्यामुळे ते हसणे खोटे पाडता आले नाही. रात्री सून मायेनेच म्हणाली, आई, नक्की ह्याच रेकॉर्डवर ना? की दुसऱ्या कुठल्या? बाईंचे मागणे एवढेच होते, की ही चिठ्ठी काढून टाका.

कानसेनाने चिठ्ठी उचलली, पण फाडली नाही. “ऐकल्याशिवाय मी एक अक्षर लिहिलेलं नाही, बाई. पुन्हा ऐकतो. व्हायोलिन असलं तर तुमच्यासमोर फाडतो.”

त्याने हेडफोन चढवला, डोळे मिटले आणि एक बाजू पुरी ऐकली. बाई समोर उभ्याच होत्या. मी स्टूल सरकवले तरी बसल्या नाहीत. शेवटी त्याने मान हलवली. “माफ करा. नाहीये हो.”

बाईंचा चेहरा असा झाला की मी हातातला गठ्ठा खाली ठेवला. त्या वाद घालत बसल्या नाहीत. सुई पुन्हा सुरुवातीला ठेवायला सांगून त्यांनी हेडफोन स्वतःच्या कानांवर घेतला. थोड्या वेळाने त्यांच्या डाव्या हाताची बोटे टेबलाच्या कडेवर चालू लागली. मग त्यांनी हेडफोन काढला आणि टेबलापलीकडून, समोरूनच, तसाच्या तसा त्याच्या डोक्यावर चढवला. त्यांच्या डाव्या कानावरचे त्याच्या उजव्या कानावर आले.

तो दचकला. “गाणारा कुठे गेला?”

बाईंना वाटले, थट्टा करतोय. पण त्याचा रंग उडाला होता. त्याने हेडफोन सरळ करून ऐकले, उलटा करून ऐकले, पुन्हा सरळ केला. मग तो हळूच खुर्चीत बसला.

“माझा डावा कान लहानपणी तापात गेला,” तो म्हणाला. “इथे कुणाला बोललो नाही. बहिऱ्याला रेकॉर्ड विभाग कोण देणार?”

तेव्हा माझ्याही डोक्यात प्रकाश पडला. त्या रेकॉर्डवर गाणे एका कानात आणि व्हायोलिन दुसऱ्या कानात, असे वेगवेगळे भरले होते. खोलीत स्पीकर असता तर दोन्ही मिसळून त्याच्या उजव्या कानाशी आले असते. हेडफोनमध्ये अर्धे त्याच्यापर्यंत पोचलेच नाही, आणि तीस वर्षे तो त्या अर्ध्यालाच अख्खे समजत आला होता.

बाई मात्र हसल्या. आल्यापासून पहिल्यांदा.

“म्हणजे तुम्ही मला वाईट म्हणालाच नाहीत. आपली भेटच झाली नव्हती.”

त्याने जुनी चिठ्ठी फाडली आणि नवी लिहिली. ‘डावीकडे व्हायोलिन आहे. गवयाचा श्वास संपतो तिथे ते त्याचा हात धरतं. आधी तेच ऐका.’ खाली बाईंचे पूर्ण नाव लिहिले, वेलांटी पहिली की दुसरी हे त्यांनाच विचारून. बाईंनी ते दोनदा वाचले, रेकॉर्ड पुन्हा स्वतःच्या नावावर घेतली आणि शेजाऱ्यांच्या प्लेअरवर ऐकवते म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी कानसेन आपण होऊन वर गेला आणि मुख्य ग्रंथपालांना कानाचे सांगून आला. ते म्हणाले, दोन कानांच्या माणसांनी इतक्या वर्षांत एक चिठ्ठी लिहिली नाही. जा, बस जागेवर.

निवृत्तीला चार वर्षे होती. त्याने पहिल्या कपाटापासून सगळे पुन्हा ऐकायला घेतले, प्रत्येक रेकॉर्ड एकदा हेडफोन सरळ घालून, एकदा उलटा. जॅझच्या चिठ्ठीवर ‘तिघे’ खोडून ‘पाचजण’ झाले, आणि पुढे, ‘तरीही कुणी कुणाला तोडत नाही.’ एका सकाळी माझ्या ओल्या खळीवरच त्याने एक चिठ्ठी आणून ठेवली. प्रवचनाची होती. ‘खोली भरलेली आहे. झील ओढणारे तिघे, आणि माणसंच माणसं. चूक झाली.’ ती चिठ्ठी माझ्याकडे आहे. खळीचा डाग गेला नाही.

दोन कपाटे राहिली. शेवटच्या दिवशी त्याने त्यांतली एकेक चिठ्ठी काढली आणि खाली लिहिले, ‘हे मत एका कानाचं.’ संध्याकाळी खोलीला कुलूप लावून तो माझ्याबरोबर चालत घरी गेला, मी उजवीकडे.

दोन वर्षांपूर्वी तो आजारी पडला तेव्हाही मी खाटेच्या उजव्या बाजूला बसायचो आणि पदे म्हणायचो. झील ओढायला त्याच्यात दम नव्हता. शेवटपर्यंत ओठ तेवढे हलायचे.

आता उठा. घरी जा, आवडेल ते गाणे लावा. मत द्या, खुशाल द्या. फक्त तोंड उघडण्यापूर्वी एकदा माझ्या कानसेनाची आठवण काढा.