अठ्ठेचाळीस आकडे

संगणक दुरुस्त करणाऱ्या त्या बाईच्या टेबलावर एक छापील कागद असायचा. एका रकान्यात संगणक ज्यावर चालतो त्या प्रणालीची घरगुती आवृत्ती, दुसऱ्यात व्यावसायिक. "तुम्हाला घरगुतीच पुरे, नसत्या भानगडीत पडू नका," असं ती दहातल्या नऊ गिऱ्हाइकांना सांगायची. स्वतःच्या वडिलांना मात्र तिने तसं सांगितलं नाही.

वडील भूगोलाचे निवृत्त मास्तर. बायको गेल्यावर ते टायपिंग शिकले आणि रोज सकाळी दोन तास लिहायला बसू लागले. काय लिहिता विचारलं, तर म्हणायचे, "तुझ्या आईचं नि माझं. मी गेल्यावर वाच."

नवा संगणक घेताना त्यांनी तो कागद चष्मा लावून वाचला.

"म्हणजे या महागड्यात सगळ्या डिस्कला कुलूप बसतं, एवढंच ना? माझ्याकडे कोण चोर येणार आहे?"

"बाबा, लेक या धंद्यात असून तुम्ही साधी वापरणार?"

ते हसले. तिने कुलूप लावलं आणि अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली त्यांच्याकडून कागदावर उतरवून घेतली. गिऱ्हाइकांना ती दोन प्रती करायला लावायची. इथे घरचंच काम, म्हणून एकीवर भागवलं.

दीड वर्षाने वडिलांना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. समजायचं सगळं, पण पाणी हवं असलं की तोंडून 'खिडकी' निघायचं. त्यांचं लिखाण त्यांनाच वाचून दाखवावं म्हणून तिने संगणक लावला, तर तो सुरूच होईना. आतला बोर्ड जळला होता. शेकडो वेळा केलेलं काम. अर्ध्या तासात तिने नवा बसवला. बोर्ड बदललेला पाहून कुलपाने किल्ली मागितली.

"बाबा, तो कागद कुठे ठेवलात?"

त्यांना आठवत होतं. डोळ्यांत दिसत होतं. "खुर्ची," ते म्हणाले. पुन्हा, जोर लावून, "खुर्ची."

तिने खुर्चीची गादी उसवली. कपाटं उपसली, नकाशांच्या वह्यांचं पान न् पान चाळलं. कागद मिळाला नाही, आणि किल्लीशिवाय ते कुलूप तिलाही उघडता येणार नव्हतं. पंधराव्या दिवशी त्यांनीच डाव्या हाताने तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"घरगुती घातली असती, तर डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली असती. दहा मिनिटांचं काम," तिने भावाला फोनवर सांगितलं. "मिरवायची हौस माझी होती, दादा."

भाऊ म्हणाला, "जेवलीस का?"

ती डिस्क तिने पुसली नाही, कपाटात ठेवली. नव्या डिस्कवर घरगुती आवृत्ती घालून संगणक वडिलांपुढे आणला. डाव्या हाताच्या एका बोटाने अर्धा तास खपून त्यांनी एक ओळ लिहिली. तिने ती तीनदा वाचली. एकाही शब्दाचा अर्थ लागत नव्हता.

"छान लिहिलंय, बाबा."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, नाही म्हणून मान हलवली आणि बटण दाबून संगणक बंद केला.