मोठागावच्या पाण्यातले तुकडे

मृणाल एमएस्सीला आली तेव्हा तिला पिपेट नीट धरता येत नव्हती. अमृता मॅडमनी तिच्या मागे उभं राहून, तिचं बोट आपल्या बोटाखाली धरून शिकवलं. वडील फिटर, घर कल्याणच्या चाळीत, घरात रसायनशास्त्राचं नावही कुणी काढलेलं नाही. अशा मुलीला मॅडमनी पीएचडीपर्यंत ओढून आणलं होतं. वर्तकनगरच्या त्यांच्या घरी ती कितीदा जेवलेली. आईला ती म्हणायची, "मॅडम आहेत ना, मग मला कसली चिंता?"

विषयही मॅडमनीच सुचवलेला. प्लास्टिक मऊ करायला थॅलेट नावाची रसायनं घालतात, ती नदीत गेल्यावर पुढे त्यांचं काय होतं? नेहमीच्या तपासणीत अख्खं थॅलेट शोधतात. पण नदीतले जिवाणू ते तोडतात. अख्खं सापडत नाही, म्हणून अहवालात पाणी स्वच्छ, आणि तुटलेले तुकडे मात्र माशांच्या पोटात. ते तुकडे पकडायची पद्धत मृणालने बसवली.

नमुन्यांसाठी डोंबिवलीच्या मोठागाव बंदरावरून गंगुबाईंची होडी घ्यायची. गंगुबाई खाडीत मासे धरणाऱ्या. पहिल्या दिवशी मॅडम स्वतः होडीत बसल्या होत्या. मानपाड्याकडून येणारा नाला जिथे नदीला मिळतो, तिथे काचेच्या बाटल्या भरल्या. झाकणाचं प्लास्टिक पाण्याला लागू नये म्हणून प्रत्येक तोंडावर भट्टीत तापवलेली ॲल्युमिनियमची फॉइल मॅडमनी आपल्या हाताने बसवली. एका बाटलीत प्रयोगशाळेतलं शुद्ध पाणी नेलेलं, तेही होडीत उघडून परत बंद केलं. आपल्याच हाताळणीतून काही मिसळलं तर त्यात दिसावं म्हणून. ती बाटली प्रयोगशाळेत तपासणीच्या मशीनवर मॅडमनीच लावली. "बघ, एकदम कोरी," त्या म्हणाल्या. नाल्याच्या पाण्याच्या आलेखात मात्र तुकड्यांचे उंच उंच शेंडे उठले होते. नाल्यावर केबलची प्लास्टिकची वेष्टणं बनवणारा एकच मोठा कारखाना होता.

ते आकडे घेऊन गावकऱ्यांनी तक्रार केली. प्रदूषण मंडळापुढे सुनावणी लागली. मृणालने आपलं म्हणणं मांडलं आणि ती खाली बसली. आता मॅडम बोलतील, की झालं, असं तिच्या मनात होतं.

मॅडम उठल्या. तिच्याकडे न बघता म्हणाल्या, "विद्यार्थिनी हुशार आहे, पण घाई झाली. थॅलेट हातमोज्यात असतं, झाकणात असतं. नमुना घेताना ते मिसळलं असणार. या आकड्यांवर मी सही करू शकत नाही."

कारखान्याच्या वकिलाला पुढे काही बोलायची गरजच उरली नाही. मृणाल उठली, "मॅडम, फॉइल तुम्हीच..." म्हणू लागली. अधिकाऱ्यांनी तिला थांबायची खूण केली. प्राध्यापकांचं म्हणणं झालेलं होतं.

बाहेर जिन्यावर तिने मॅडमना गाठलं. "का केलंत असं?"

"इथे नको, मृणाल."

"इथेच. हातमोज्यातून येईल ते अख्खं थॅलेट येईल. मला सापडले ते तुकडे. ते नदीतच तुटलेत. हे तुम्हीच शिकवलंत मला!"

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "नवं मशीन कारखानावाले देतायत विभागाला. आपलं जुनं किती वेळा बंद पडतं, बघतेस ना तू? एक नाला जाऊ दे. त्या मशीनवर पुढे दहा नद्या तपासता येतील. तुझी पीएचडी मी अडवणार नाही, बाळा."

त्या "बाळा"ने मृणालला मारल्यासारखं झालं. ती तशीच उतरून गेली.

दुसऱ्या दिवशी बंदरावर गंगुबाईंनी तिला होडीत चढूच दिलं नाही. "काय गो पोरी, तुझ्याच बाईनं सांगितलं ना, बाटलीचा दोष म्हनून? आम्ही तुझ्या भरवशावर बोंब मारली. आता लोकं हसतात आम्हाला, आनि विषारी म्हनून मासली पन कोन घेत नाय."

मृणाल धक्क्यावर बसून रडली. लोक बघत होते तरी तिला थांबता येईना. गंगुबाई जाळं आवरत राहिल्या. मग जाळं टाकून त्या शेजारी येऊन बसल्या. "तुलाबी फसवलं का तिनं?"

मृणालने मान डोलावली.

"मग पुन्हा घे पानी. या वेळेला आमच्या समोर घे."

तसंच केलं. सरकारी निरीक्षकाला अर्ज करून बोलावलं, कारखान्याचा माणूसही आला. गावच्या बायका धक्क्यावर दाटीने उभ्या. बाटल्या निरीक्षकाने भरल्या, त्यानेच सील केल्या आणि पुण्याच्या एका प्रयोगशाळेत पाठवल्या. मृणालने बाटलीला हातसुद्धा लावला नाही.

निकाल तोच आला. अख्खं थॅलेट जेमतेम, तुकडे भरपूर, कोरी बाटली कोरीच. पुन्हा सुनावणी झाली आणि कारखान्याला सांडपाणी थांबवायची नोटीस गेली. त्या सुनावणीला मॅडम आल्या नव्हत्या. मृणालने मार्गदर्शक बदलून घेतला, त्यात तिचं वर्ष गेलं. गंगुबाईंनी तिला पेढा भरवला तेव्हा ती हसली, पण आपण जिंकलो असं तिला एकदाही वाटलं नाही. मॅडमकडे शिकलेलं जुनं कुणी भेटलं की ती विषय बदलायची.

पुढे एकदा ती वर्तकनगरच्या बाजारातून जात होती. मागून हाक आली, "मृणाल!" मॅडम होत्या. केस पांढरे झालेले, दोन्ही हातांत भाजीच्या जड पिशव्या. तिचे हात सवयीने पुढे झाले आणि पिशव्या तिने घेतल्यासुद्धा. दोघी इमारतीपर्यंत चालत गेल्या.

"तुझा पेपर वाचला," मॅडम फाटकाशी म्हणाल्या. "चांगला आहे. वर ये ना, चहा घेऊ."

मृणालने पिशव्या पायरीवर ठेवल्या. "मॅडम, त्या दिवशी तुम्ही मला आधी नुसतं सांगितलं असतंत," ती म्हणाली, "तर मी भांडले असते तुमच्याशी. पण तुमचीच राहिले असते."

मॅडमनी चष्मा काढला आणि त्या तो पुसत राहिल्या. मृणालने वाट पाहिली, मग ती वळली आणि कल्याणची बस धरायला चालू लागली.