भाऊंची वजाबाकी

ठाण्याच्या मुलींच्या शाळेत गणिताची एक जागा निघाली होती. डोंबिवलीच्या उत्तरा नावाच्या मुलीला ती हवीच होती. नाही मिळाली तर कल्याणचा दोन पोरांचा बिजवर तिच्या गळ्यात मारायचं वहिनीनं पक्कं केलं होतं. नोकरी लागली तर बघू, एवढीच सवलत दादानं तिला काढून दिली होती.

नमुना पाठ अकरावीवर, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्गावर होता. मागच्या बाकावर हेडबाई, आणि शेजारी शाळेचे चेअरमन भाऊ. हे ओव्हरसियर म्हणून पेन्शनीत निघालेले. जन्मभर लॉगची कोष्टकं चाळली, तेवढ्यावर स्वतःला गणिती समजायचे.

उत्तरानं फळ्यावर मांडलं: तीनाचा क्ष घात बरोबर वीस. क्ष वर चढून बसलाय, त्याला खाली उतरवायचा तर दोन्ही बाजूंचे लॉग घ्यायचे, असं तिनं पोरींना सांगितलं. मग क्ष गुणिले तीनाचा लॉग बरोबर विसाचा लॉग. आता १.३०१० ला ०.४७७१ नं भागायचं.

"भागता कसलं बाई?" भाऊ मागून म्हणाले. "लॉग घेतले की भागाकाराची वजाबाकी होते. एवढंही ठाऊक नाही?"

चूक अस्सल ओव्हरसियरी होती. विसाला तीनानं भागायचं असतं तेव्हा लॉग वजा करतात. इथं खुद्द लॉगलाच लॉगनं भागायचं होतं. पण भाऊंचा हात जन्मभर वजाबाकीला सोकावलेला.

उत्तराला हे कळत होतं. बिजवरही दिसत होता. चुकलंच माझं, असं म्हणून तिनं वजाबाकी केली, ०.८२३९ लिहिलं. भाऊंनी मान डोलावली. जागा मिळाल्यातच जमा होती.

पोरींचे टाक कुरकुरू लागले. मार्चात बोर्डाच्या पेपरात त्या हेच ओकणार. उत्तरानं डस्टर उचललं.

"खोडा गं ते. तीनाचा वर्ग नऊ, घन सत्तावीस. वीस त्यांच्यामध्ये. म्हणजे क्ष दोन आणि तीनच्या मधेच पाहिजे. एकाहून कमी क्ष घेतला तर धड तीनसुद्धा भरत नाहीत, वीस कुठले?"

तिनं भागाकार करून २.७२७ लिहिलं. हेडबाई बी.एस्सी., त्यांना सगळं कळत होतं. त्या खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"आधी चुकलं म्हणता, मग आम्हालाच शिकवता," भाऊ म्हणाले. "असल्या धरसोडीच्या बाईच्या हाती पोरी कशा द्यायच्या? या तुम्ही."

उत्तरानं खडूचे हात झटकले. दाराशी तिनं वळून पाहिलं. पुढच्या दोघीतिघींनी जुनं उत्तर खोडलं होतं. बाकीच्यांनी आधी भाऊंकडे पाहिलं, आणि टाक खाली ठेवले.